सतरा वेळा ‘नाही’

“शिंक आली तर मागच्या दाराशी जायचं,” थोरली म्हणाली. “पुढच्या दारावर कॅमेरा आहे.”

धाकटीने मान डोलावली. तिच्या दोन्ही हातांत पिंजऱ्याचं झाकण होतं आणि डोळ्यांना धार लागली होती. मागच्या दारापर्यंत जायला वेळ मिळालाच नाही. शिंकेसरशी झाकण पिंजऱ्यावर आदळलं आणि आतले पाच पांढरे उंदीर कोपऱ्यात जाऊन एकमेकांच्या अंगावर चढले.

“आणि नाक दाबून धरू नकोस, कानाला दडे बसतात. कोपरात तोंड खुपसायचं.”

“ताई, तुम्हाला कधीपासून येतात?”

“मला कुठे येतात?” थोरली म्हणाली आणि तिने पुढचा पिंजरा ओढला.

दोघी सख्ख्या जावा. थोरलीला या प्राणीगृहात बावीस वर्षं झाली होती, धाकटीला तीन महिने. औषधं माणसाच्या पोटात जाण्याआधी ज्यांच्या पोटात जातात ते उंदीर इथे वाढत. तळमजल्यावर बिनखिडक्यांच्या तीन खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत छतापर्यंत पिंजऱ्यांचे रॅक. आठवड्यातून दोनदा भुसा बदलायचा, पिंजरे धुवायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कोण मेलं ते पाटीवर लिहायचं. काम जड नव्हतं. वाईट होतं ते भुसा ओतणं. उंदरांचं मूत भुशात वाळतं, त्याचा भुरा होतो आणि पिंजरा पालथा केला की तो तोंडावर उडतो. डोळ्यांना दिसत नाही, वासही फारसा नसतो. नाकातून आत जातो आणि वर्षानुवर्षं गुमान बसून राहतो. मग एक दिवस डोळे चुरचुरायला लागतात.

थोरलीचे डोळे सहाव्या वर्षी चुरचुरायला लागले, सातव्या वर्षी छाती वाजायला लागली.

त्याच वर्षी मिशीवाल्याचं झालं. तो तिच्याही आधीपासून होता, तिला काम त्यानेच शिकवलं होतं. वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी विचारलं आणि त्याने भोळेपणाने सांगितलं, जिना चढताना दम लागतो, शिंका थांबत नाहीत. डॉक्टर चांगले होते. त्यांनी खांद्यावर हात ठेवून सगळं लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी मिशीवाल्याच्या हातात पत्र पडलं. ‘आरोग्याच्या कारणास्तव आपणास कामातून मुक्त करण्यात येत आहे. आपल्या निष्ठेची संस्था कायम आठवण ठेवील.’ निरोपाच्या वेळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी तो थोरलीला बसस्थानकाबाहेर मोजे आणि रुमाल विकताना दिसला. तिला पाहून त्याने तोंड फिरवलं, आणि तिलाही ते बरंच वाटलं.

तेव्हापासून तिने एक शहाणपण गाठीशी बांधलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातून निघतानाच गोळी घ्यायची. निळ्या मास्कच्या आत ओला रुमाल. भुसा ओतताना श्वास रोखून वीसपर्यंत मोजायचं, तेवढ्यात चार पिंजरे होतात, मग मागच्या दाराशी जाऊन श्वास घ्यायचा. घरी नवरा गुडघ्यांनी जायबंदी होऊन बसलेला, तेव्हा नोकरी सोडणं हा विषय नव्हताच.

खोलीच्या भिंतीवर नियमांचा तक्ता होता. त्यावर छान छान लिहिलं होतं. जाड मास्क लावा. जाड हातमोजे घाला. भुसा शोषक कपाटातच ओता. लक्षणं दिसताच कळवा. जाड मास्क प्रमुखसाहेबांच्या कपाटात कुलूपबंद असत आणि बाहेरून संशोधक आले की निघत. जाड हातमोजे होते, पाच माणसांत एक जोडी. शोषक कपाट, म्हणजे ज्यातला पंखा भुरा आत ओढून घेतो ते, दोन वर्षांपूर्वी बंद पडलं. थोरलीने तीनदा अर्ज दिला. तिसऱ्या अर्जानंतर साहेबांनी त्या कपाटात रिकामी खोकी ठेवायला सांगितलं, म्हणजे जागा तरी वापरली जाईल. आणि लक्षणं कळवल्यावर काय होतं ते थोरलीने बसस्थानकाबाहेर पाहिलं होतं.

धाकट्या दिराला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याची बायको शिवणकामावर दिवस काढत होती, पदरी आठ वर्षांची मुलगी. दोन्ही बिऱ्हाडं एकाच मजल्यावर, मध्ये एक भिंत. थोरलीने साहेबांकडे जाऊन शब्द टाकला. “माझ्या हाताखाली तयार करीन,” म्हणाली. साहेबांनी कागद पुढे केला, नव्या माणसाला सर्व नियमांचं प्रशिक्षण दिलं असं त्यावर छापलेलं होतं. थोरलीने ‘प्रशिक्षक’ लिहिलेल्या जागी सही केली. तेव्हा तिला जरा बरंही वाटलं होतं. बावीस वर्षांत तिला कुणी प्रशिक्षक म्हटलं नव्हतं.

धाकटी आली आणि त्या बिनखिडक्यांच्या खोल्यांत बोलणं ऐकू यायला लागलं. एका जाड्या उंदराचं नाव तिने ‘मामंजी’ ठेवलं. “बघा ताई, खाऊन पुन्हा आडवे झाले. कुणी उठवलं तर चावतील.” कानामागे सारखं खाजवणारी उंदरीण म्हणजे शेजारीण. थोरली हसणारी बाई नव्हती, पण मामंजींच्या पिंजऱ्यापाशी तिचा हात जरा रेंगाळायचा.

तिसऱ्या महिन्यात शिंका सुरू झाल्या, आणि चौथ्यात मनगटावर गांधी.

“सहाव्या वर्षी व्हायचं ते हिला तीन महिन्यांत कसं झालं?” थोरलीने नवऱ्याला विचारलं.

“एकेकाची प्रकृती,” तो म्हणाला. “काढ तिला तिथून.”

“काढून काय करू? तुम्ही पोसणार?”

तो गुडघे चोळत राहिला. असं बोलायला नको होतं हे तिला कळलं, पण बोललेलं खोटंही नव्हतं.

वार्षिक तपासणी जवळ आली. यंदा नव्या डॉक्टरीणबाई होत्या, आणि त्यांनी नवा फॉर्म काढला होता. सतरा प्रश्न. कामावर असताना नाक गळतं का? डोळे खाजतात का? सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? फॉर्म आदल्या दिवशी घरी भरायला दिला. संध्याकाळी धाकटी तो घेऊन थोरलीकडे आली.

“सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का, असं विचारलंय. ताई, यांना बरोबर माहीत आहे हो. मला रविवारी अगदी बरं वाटतं.”

“रविवारी सगळ्यांनाच बरं वाटतं. ‘नाही’ लिही.”

“पण बाई चांगल्या वाटल्या मला. म्हणाल्या, खरं लिहा, तुमच्याच भल्याचं आहे.”

“मिशीवाल्याचे डॉक्टरही चांगलेच होते.” थोरलीने फॉर्म आपल्याकडे ओढला. “हात दाखवून अवलक्षण करायचं नसतं. सतरा प्रश्न आहेत ना? सतरा वेळा ‘नाही’. अक्षर नीट काढ.”

धाकटीने पेनचं टोपण काढलं. मग म्हणाली, “पोरीची फी भरली की सोडीन मी हे. दुसरं काहीतरी बघीन.”

“बघ की. तोवर लिही.”

तिने लिहिलं. अक्षर खरंच नीट होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी थोरलीचा फॉर्म वाचला, मग चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“बावीस वर्षं, आणि एकदाही शिंक नाही?”

“नाही.”

“डोळे लाल आहेत.”

“झोप झाली नाही.”

“हे बघा,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, “ज्यांना त्रास होतो त्यांना दुसरं काम देता येतं. धान्याच्या कोठारात, कपडेधुलाईत. वेळेवर हललं तर फुप्फुसं वाचतात. उशीर झाला की दमा कायमचा बसतो.”

“देता येतं, की देतात?” थोरलीने विचारलं.

बाईंनी चष्मा काढला. त्या खोटं बोलल्या असत्या तर थोरलीला सोपं गेलं असतं. “मी शिफारस लिहीन,” त्या म्हणाल्या. “देणं साहेबांच्या हातात आहे.”

“मग मला काही त्रास नाही,” थोरली म्हणाली. दारात धाकटी आपली पाळी यायची वाट बघत उभी होती. थोरलीने जाता जाता तिच्याकडे बघून किंचित मान हलवली. आत काय बोलायचं ते ठरलेलं होतं, तरीही.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, धाकटी मोठ्या उंदरांचे पिंजरे बदलत होती. जाड हातमोजे दुसऱ्या खोलीत कुणाच्या तरी हातात होते, म्हणून तिने पातळ रबरी घातले होते. पिंजऱ्यातून उंदीर काढताना तो वळला आणि अंगठ्याला चावला.

“काही नाही, ताई, टोचलंय नुसतं.”

थोरलीने तिचा हात नळाखाली धरला, साबण लावला, रक्त पिळून काढलं. हे सगळं तक्त्यावर होतं तसं. पाण्याखाली हात असतानाच धाकटी म्हणाली, “घशात खाजतंय.” मग म्हणाली, “तळवे जळतायत.” मग ती भिंतीला टेकली आणि घसरत खाली बसली.

साहेब धावत आले. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. “आधी प्राण्यांचा काही त्रास होता का हिला? शिंका, गांधी, धाप? ते आधी सांगा.”

साहेबांनी थोरलीकडे बघितलं. “होता का काही त्रास?”

“नाही,” थोरली म्हणाली.

विचार करून म्हणाली असं नाही. सोळा वर्षं तोंडात बसलेला शब्द होता, प्रश्न आला की आपोआप बाहेर पडायचा. साहेबांनी फोनवर सांगितलं, नाही म्हणतात, फॉर्मवरही नाहीच आहे. तिकडून बाई म्हणाल्या, मग घाबरून चक्कर आली असेल, आडवी करा, पाय उंच ठेवा, गाडी बोलवा, मी निघतेच आहे.

त्यांनी तिला आडवं केलं. कुणीतरी पुठ्ठ्याने वारा घालू लागलं. थोरली तिच्या उशाशी बसून राहिली. धाकटीचे ओठ सुजत चालले होते, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला होता. तो आवाज थोरलीच्या ओळखीचा होता. धाकटीने डोळे तिच्यावर रोखले होते. बोलता येत नव्हतं, ती नुसती बघत होती.

थोरलीने उठून साहेबांच्या हातातला फोन घेतला आणि बाईंना पुन्हा लावला. “होता,” ती म्हणाली. “दोन महिने झाले. शिंका, गांधी, सगळं. रविवारी बरं वाटायचं तिला.”

बाई लगेच म्हणाल्या, “साहेबांच्या कपाटात लाल डबा आहे. त्यातलं अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन मांडीत द्या. आत्ता, या क्षणी.”

लाल डबा होता. पाहुणे संशोधक येत त्यांच्यासाठी ठेवलेला, जाड मास्कांच्या शेजारीच. साहेबांनी इंजेक्शन दिलं. थोरलीच्या पहिल्या उत्तरापासून तोवर आठ मिनिटं गेली होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने का बघितलं होतं कुणास ठाऊक, पण बघितलं होतं.

धाकटी वाचली. बारा दिवस दवाखान्यात होती. दमा मात्र राहिला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिन्यांपूर्वीच त्या भुशापासून दूर केलं असतं तर कदाचित एवढ्यावर आलं नसतं. आता औषधं कायमची. ते हे धाकटीच्या भावाला सांगत होते. थोरली तिथेच डबा घेऊन उभी होती, आणि तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

दवाखान्यातून धाकटी घरी आलीच नाही. भाऊ मुलीला आणि दोन पेट्यांना घेऊन गेला. मुलीने जाताना काकांना टाटा केला. थोरली कामावर होती.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी तिला बोलावलं. टेबलावर टाइप केलेला अहवाल होता. त्यांनी तो वाचून दाखवला. कर्मचाऱ्यास सर्व नियमांचे प्रशिक्षण देण्यात आले होते. कर्मचाऱ्याने आरोग्यविषयक फॉर्ममध्ये आपली लक्षणे लपवली. घटनेच्या वेळी तिने जाड हातमोजे घातले नव्हते.

“प्रशिक्षक म्हणून खाली तुमची सही हवी.”

थोरलीने कागद आपल्याकडे ओढून पुन्हा वाचला.

“खोटं काही लिहिलंय का यात?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“अपुरं आहे,” ती म्हणाली. “पेन द्या.”

तिने खुर्ची ओढली. साहेबांनी न सांगता ती त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बसली. सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत तिने लिहायला सुरुवात केली. लिहायची सवय नव्हती, ओळी वर चढत गेल्या. लक्षणे लपवायला तिला मी शिकवले. मी स्वतः सोळा वर्षे लपवली. खरे सांगणाऱ्याला काढून टाकतात हे मी पाहिले म्हणून. शोषक कपाट दोन वर्षे बंद, त्यात खोकी आहेत. चांगले मास्क कुलपात असतात. हातमोजे पाच जणांत एक जोडी. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारले तेव्हाही मी आधी नाही म्हणाले. त्याखाली तिने सही केली आणि तारीख घातली.

साहेबांनी वाचलं. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, थकलेला होता.

“याने तिला काहीच मिळणार नाही. तुमची नोकरी मात्र जाईल.”

“जाईल.”

“बावीस वर्षं गप्प राहिलात. अजून चार राहिला असतात तर निवृत्तच झाला असतात.”

“तेच तर झालं ना, साहेब,” थोरली म्हणाली. “गप्प राहिले.”

दुसऱ्या दिवशी अहवालाची नवी प्रत निघाली. ‘प्रशिक्षक’ हा शब्द तिच्यातून गाळला होता, त्यामुळे सहीचीही गरज उरली नव्हती. तिने लिहिलेलं पान कुठे गेलं ते तिला कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी घरी फोन करून विचारलं, त्या पानाची प्रत ठेवलीत का? थोरलीने ठेवली नव्हती. अशा गोष्टींची प्रत ठेवायची असते हे तिला माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आरोग्याच्या कारणास्तव. संस्था कायम आठवण ठेवील. टाळ्या वाजवायला तिने कुणाला वेळ दिला नाही, डबा आणि छत्री घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली.

नवऱ्याने पत्र वाचून घडी घातली. “आता काय?”

“बघू.”

“तिच्याकडे जाऊन ये एकदा.”

जायला तिला दोन महिने लागले. एकदा निघाली आणि बसथांब्यावरून परतली. एकदा धाकटीच्या वहिनीने फोनवर सांगितलं, झोपलीय ती, आणि थोरलीने पुन्हा करते म्हणून केला नाही. शेवटी एका दुपारी गेली. धाकटीचा भाऊ तिसऱ्या मजल्यावर राहत होता. दारापाशी पोचल्यावर थोरलीच्या लक्षात आलं, आपण वाटेत कुठेही थांबलो नाही. डोळे खाजत नव्हते, छाती वाजत नव्हती. भुशापासून लांब गेल्यावर दोन महिन्यांत, या वयात, तिची छाती मोकळी झाली होती. दाराची घंटा वाजवायच्या ऐवजी ती काही वेळ तशीच उभी राहिली, धाप लागल्यासारखं दिसावं म्हणून की काय.

दार धाकटीनेच उघडलं. ती वाळली होती. गळ्यात दोरीला बांधलेला दम्याचा पंप होता.

“या ताई.”

दोघी बसल्या. मुलगी शाळेत गेली होती, वहिनी कामावर. धाकटीने भाऊजींच्या गुडघ्यांची चौकशी केली. थोरलीने मुलीच्या नव्या शाळेची केली. मग थोरलीने जे सांगायला आली होती ते सांगितलं. अहवालाबद्दल, त्यावर काय लिहिलं त्याबद्दल. सगळं लिहिलं, म्हणाली. कपाटाचं, मास्कचं, मीच तुला शिकवलं ते. फोनवर मी आधी नाही म्हणाले तेसुद्धा. नोकरी गेली हे शेवटी सांगितलं, तेही घाईघाईने.

धाकटी ऐकत होती. थोरली थांबल्यावर तिने विचारलं, “म्हणजे आता लिहिलंत?”

आवाजात धार नव्हती. वार कोणता, तारीख कोणती असं विचारावं, तसं तिने विचारलं.

“हो,” थोरली म्हणाली.

“बरं.”

रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. धाकटी उठली. “चहा टाकते.”

“अगं, राहू दे. मी करते.”

“बसा तुम्ही.”

ती स्वयंपाकघराकडे निघाली. खोली फार मोठी नव्हती, सात-आठ पावलं. मध्यावर ती थांबली. एक हात भिंतीला टेकला, दुसऱ्याने पंप तोंडाशी नेला, दाबला आणि श्वास आत धरून उभी राहिली. थोरली अर्धवट उठली. धाकटीने मागे न बघताच तळवा वर केला.

थोरली परत बसली. हात मांडीवर घेऊन, पाठ सरळ ठेवून, परक्या घरी बसावं तशी बसली. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग पाणी ओतल्याचा आवाज.

चहा यायला वेळ लागला. धाकटी दोन कप घेऊन आली, प्रत्येक पाऊल जपून टाकत, एकही थेंब बशीत न सांडता. थोरलीसमोर तिने कप ठेवला, कपाचा कान तिच्या हाताकडे वळवून.

“घ्या,” ती म्हणाली. “साखर कमीच घातलीय. तुम्हाला लागते तशी.”

थोरलीने कप उचलला आणि चहा गरम असतानाच प्यायला सुरुवात केली.